तारखेची रेघ

‘पगार’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला. त्यापूर्वीही लोक चाकरी करीत होते आणि चाकरीचा मोबदलाही घेत होते. पण त्या मोबदल्याला प्रत्येक राजवटीने आपले नाव दिले. संस्कृताने वेतन म्हटले, फारसीने तनखा म्हटले, अरबीतून मुशाहिरा आला, मराठेशाहीच्या दप्तरांत रोजमुरा सापडतो. आमच्या काळात फार बोकाळलेला शब्द म्हणजे ‘मानधन’. गावातल्या अंगणवाडी सेविकेला सरकार पगार देत नाही, मानधन देते. या समासात मान किती आणि धन किती हे त्या सेविकेलाच विचारावे. शब्दांचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला यातून एक गोष्ट दिसते. द्यायचे किती, यावर जेवढे भांडण होते, तेवढेच ते कोणत्या नावाने आणि कोणाला द्यायचे यावरही होत आले आहे.

हा विषय आमच्या जिल्ह्यात बसून लिहिणे सोपे आहे. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले. जिभेला मात्र ‘नगर’ची सवय आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे. शहराला खेटून भिंगारची लष्करी छावणी, रणगाडा दलाचे केंद्र आणि शाळा, यांत्रिकी पायदळाचे केंद्र, शिवाय लष्करी वाहनांचे संशोधन करणारी संस्था. उत्तरेकडे कालव्याचे पाणी आणि साखर कारखाने. दक्षिणेकडे पाथर्डी, जामखेड, कर्जत अशी अवर्षणाची गावे. जिथे पाणी नाही तिथे घरातला एक मुलगा शिक्षक, एक पोलीस आणि एक फौजेत असावा, ही आईबापांची शेती असते. फौजेतून परतलेला माणूस नाईक असो की हवालदार, गाव त्याला ‘मेजर’च म्हणते. ही बढती सरकारी नाही, पण ती कोणी काढूनही घेत नाही.

आमच्या भुईकोट किल्ल्याचे नाव काढले की लोकांना १९४२ ते १९४५ या काळात तिथे कैदेत असलेले पंडित नेहरू आठवतात. मला नाना फडणवीस आठवतात. १७९८ सालची गोष्ट. दौलतराव शिंद्यांची फौज पुण्याभोवती तळ देऊन बसली होती आणि तिचा पगार थकला होता. पैसा उभा करण्यासाठी दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुण्याच्या सावकारांना आणि मातब्बरांना असे काही पिळले की ती हकिकत वाचताना आजही अंगावर काटा येतो. ज्यांनी सबंध दौलतीचा हिशेब ठेवला ते नाना त्या वेळी आमच्या किल्ल्यात बंदिवान होते. त्याच साली दहा लाख रुपये घेऊन शिंद्यांनी त्यांना मोकळे केले. फौजेचे देणे थकले की राज्यकर्ते काय काय विकायला काढतात, याचा नमुना म्हणून मी हा प्रसंग सांगत असतो. पाच वर्षांनी, ऑगस्ट १८०३ मध्ये, हाच किल्ला इंग्रजांनी घेतला.

शिवाजी महाराजांचा कटाक्ष शिपायाला रोख वेतन देण्यावर होता, हे शाळेतले पोरही सांगेल. पुढे ती शिस्त सुटली. पगार थकला की शिपाई सरदाराच्या दाराशी बसकण मारीत आणि त्याला हलू देत नसत. तगादा आणि धरणे हे शब्द तिथले. तेव्हा दिल्लीच्या जंतरमंतरवर १५ जून २०१५ पासून माजी सैनिक ठाण मांडून बसले, त्यात पाहणाऱ्यांना नवल वाटले असले तरी रीत जुनीच होती. त्याच जुलैत पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे तिथे गेले. १९६५ च्या युद्धात खेमकरणच्या आघाडीवर ते लष्करी गाडी चालवीत होते.

पण त्या धरण्याआधी पगार ठरतो कसा, हे थोडे पाहू; कारण हिशेब मोठा गमतीचा आहे. १९४६-४७ च्या पहिल्या वेतन आयोगाने केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकराला महागाई धरून ५५ रुपये आणि सर्वांत वरच्याला २,००० रुपये सुचविले. छत्तीस पटींचे अंतर. सातव्या आयोगाने २०१६ पासून हेच आकडे १८,००० आणि २,५०,००० केले. अंतर चौदा पटींवर आले. खालचा आकडा येतो कुठून? १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने एक माप ठरविले. नवरा एक, बायको पाऊण अधिक पाच शतांश, म्हणजे ०.८, आणि दोन मुले प्रत्येकी ०.६, सगळे मिळून तीन माणसे. दर माणशी २,७०० उष्मांकांचे अन्न, आणि कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड. सातव्या आयोगानेही हाच गज वापरला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले. आमच्या घरी हा हिशेब मोठ्याने वाचला तेव्हा सौभाग्यवतींनी दोनच प्रश्न केले. बायको ०.८ का, आणि यात सासू-सासरे कुठे आहेत? पहिल्याचे उत्तर मी टाळले. दुसऱ्याचे उत्तर खरोखरच नाही. त्या तीन माणसांत आईबाप बसत नाहीत. म्हणूनच आईबापांना स्वतःचे निवृत्तिवेतन असणे हा या देशात चैनीचा प्रश्न नाही. ते नसले तर मुलाच्या ७२ वारांतूनच त्यांचे धोतर-लुगडे निघायचे असते.

शिपायाचा हिशेब याहून अवघड. सहाव्या आयोगापासून त्याला ‘सैनिकी सेवा वेतन’ म्हणून वेगळी रक्कम मिळू लागली. सातव्याने ती जवानाला ५,२०० आणि अधिकाऱ्याला १५,५०० अशी ठेवली. ही रक्कम खडतर आयुष्याबद्दल आहे असे सांगतात. हिमालयातली थंडी पदाप्रमाणे तिप्पट लागते काय, हा जवानांचा प्रश्न मला अजून कोणी समाधानकारक सोडवून दाखविलेला नाही.

तरीही माझ्या मते खरे दुखणे रकमेत नाही. ते तारखेत आहे. सरकार कागदावर एक तारीख लिहिते. तिच्या अलीकडे जन्माला, नोकरीला किंवा निवृत्तीला आलेला एका पंक्तीत, पलीकडचा दुसऱ्या. काम तेच, पद तेच, कपाळावरचा घाम तोच.

ही रेघ पहिल्यांदा न्यायालयात गाजली ती १९८२ साली. ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना सुधारलेले निवृत्तिवेतन, आधीच्यांना जुनेच, असा तो मामला होता. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात घटनापीठाने ही रेघ पुसली. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची खिरापत नव्हे, झालेल्या सेवेचे ते देणे आहे, असा त्या निकालाचा आशय. पीठाचे अध्यक्ष सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस अजून पाळतात. चाळीस वर्षांनी, १६ मार्च २०२२ रोजी, ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ या माजी सैनिकांच्या खटल्याचा निकाल लागला. तो लिहिला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे त्यांच्याच चिरंजीवांनी. सरकारच्या धोरणात घटनाबाह्य काही नाही, असे त्यांनी ठरविले. बापाने पुसलेली रेघ मुलाने ओढली असे कोणी म्हणेल. कायद्याच्या माणसाला ते पटणार नाही आणि मीही म्हणत नाही. दोन्ही खटले वेगळे होते. पण माजी सैनिकांच्या पारावर ही तुलना होते, हेही खरे.

सैनिकांचे म्हणणे समजायला आमच्या महाविद्यालयाच्या फाटकापर्यंत यावे लागेल. तिथे एक मेजर बसतात. १९८७ साली भरती, सतरा वर्षे नोकरी, २००४ मध्ये नाईक म्हणून निवृत्त. तेव्हा वय छत्तीस, पोरगी चौथीत. महाराष्ट्र सरकारचा कारकून अठ्ठावन्नपर्यंत खुर्चीवर असतो आणि मी साठीपर्यंत फळ्यापुढे असेन. त्या काळात दोन-तीन वेतन आयोग येतात, बढत्या मिळतात, आणि शेवटच्या फुगलेल्या पगारावर निवृत्तिवेतन बसते. शिपायाला मात्र लष्कर तरुण राहावे म्हणून छत्तिसाव्या वर्षी घरी पाठवितात. पुढची चाळीस वर्षे त्याचा आकडा त्या दिवसाच्या पगाराला बांधलेला. मागाहून निवृत्त झालेला त्याच्याच पदाचा माणूस मात्र नव्या आयोगाच्या आकड्यावर.

“सर, माझा मेव्हणा २०१० ला सुटला,” मेजर सांगत होते. “तोबी नाईक, मीबी नाईक. सतरा वर्षं त्याची, सतरा माझी. त्याला माझ्यापरीस जास्ती. त्याची बंदूक काय सोन्याची व्हती का?”

संसदेच्या कोश्यारी समितीने २०११ मध्ये मेजरांची बाजू उचलून धरली होती. तिचे अध्यक्ष पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी योजना जाहीर केली आणि १ जुलै २०१४ पासून ती लागू धरली. थकबाकी चार सहामाही हप्त्यांत आली. मेजरांनी त्यातून घरावर स्लॅब टाकला. वाद उरला तो असा की जुन्या-नव्यांचा मेळ दर पाच वर्षांनी घालायचा की सतत. सरकार म्हणाले पाच वर्षांनी, न्यायालयानेही ते मान्य केले. म्हणजे रेघ गेली नाही, दर पाच वर्षांनी पुढे सरकू लागली. माझ्या मते हा तोडगा अर्धा का होईना न्यायाचा आहे. ज्याला राज्याने स्वतःच्या सोयीसाठी भर उमेदीत घरी धाडले, त्याचा हक्क माझ्यासारख्या साठीपर्यंत सावलीत बसणाऱ्याच्या आधीचा. हे मी प्राध्यापकांच्या खोलीत म्हटले तेव्हा चहा थोडा गार झाला.

त्या खोलीतली रेघ १ नोव्हेंबर २००५ ची. त्या दिवसाआधी महाराष्ट्र शासनाच्या किंवा अनुदानित संस्थांच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन: शेवटच्या पगाराचा निम्मा भाग, वर महागाई भत्ता, आणि खिशातून काही भरायचे नाही. नंतर आलेल्यांच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापून बाजारात गुंतवायचे, सरकारही आपला वाटा घालणार, आणि म्हातारपणी बाजार देईल ते घ्यायचे. केंद्राने हेच १ जानेवारी २००४ पासून केले; सैन्याला मात्र त्यातून वगळले. आमच्या विभागप्रमुख बाई रेघेच्या अलीकडच्या, मी पलीकडचा. एकाच वर्गावर सकाळी त्या ज्ञानेश्वरी शिकवितात आणि दुपारी मी व्याकरण. माझ्या कपातीचा हिशेब पहिली काही वर्षे एका कार्यालयाच्या कपाटात अडकून पडला होता. बाईंना कपाट म्हणजे फक्त पुस्तकांचे ठाऊक.

महाराष्ट्रात कर्मचाऱ्यांचे संप नवे नाहीत. केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून डिसेंबर १९७७ पासून ५४ दिवस चाललेला संप जुन्या मंडळींना आठवतो; र. ग. कर्णिक हे त्याचे पुढारी. १४ मार्च २०२३ रोजी पुन्हा तसे घडले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेल्या पांढऱ्या टोप्या घालून शिक्षक, तलाठी, परिचारिका रस्त्यावर आल्या. ऐन परीक्षांचे दिवस. सात दिवसांनी, २० मार्चला, संप मिटला. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले होते की जुनी योजना आणली तर राज्यावर १ लाख १० हजार कोटी रुपयांचा बोजा पडेल. त्याच महिन्यात हिमाचल प्रदेशात जुन्या पेन्शनचे वचन देणारा पक्ष निवडून आला, आणि २०२३ च्या आरंभी आपल्याकडच्या पदवीधर-शिक्षक मतदारसंघांच्या निवडणुकांत, आमचा नाशिक विभाग धरून, हाच विषय गाजला. तिजोरीचा हिशेब आणि मतपेटीचा हिशेब, दोन्ही एकाच वेळी मांडले जाऊ लागले की काय होते ते मग दिसले. ४ जानेवारी २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ठरविले की ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, ते त्यानंतर रुजू झाले असले तरी त्यांना जुनी पेन्शन घेता येईल. सुमारे २६ हजार माणसे वर्तमानपत्राच्या एका कात्रणावर रेघ ओलांडून गेली. रद्दी विकू नये ती अशी!

उरलेल्यांसाठी १ मार्च २०२४ रोजी सुधारित योजना जाहीर झाली, ऑगस्टमध्ये केंद्राने ‘एकीकृत पेन्शन’ आणली आणि महाराष्ट्राने ती लगेच उचलली: पंचवीस वर्षांची सेवा झाली तर मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी. पण मार्च २०२५ मध्ये वित्त विधेयकाबरोबर संसदेने आणखी एक कलम मंजूर केले. निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांमध्ये भेद करण्याचा अधिकार सरकारला आहे, असे ते सांगते. १९८२ साली पुसलेली रेघ ओढण्याचा खडू कायद्याने पुन्हा सरकारच्या हाती दिला.

आता दुसरी बाजू. आमच्या घरी दूध घालणारे राहुरीकडचे गृहस्थ मला एकदा म्हणाले, “सर, तुमचा मोर्चा पाहिला. आमच्या म्हशीला कोण पेन्शन देतं?” त्यांच्या बोलण्यात खोट काढणे कठीण. कांद्याचा भाव पडला तर ते कुठल्या आयोगाकडे जाणार? पगारदारांनी आपल्याला गरीब म्हणवून घेऊ नये; मी तरी म्हणवून घेत नाही. माझा पगार पुरतो. मात्र एक मुदत आमदारकी केलेल्याला आजन्म निवृत्तिवेतन देणाऱ्या सभागृहाने तिजोरीच्या खडखडाटाचे व्याख्यान द्यावे, हे दूधवाल्या गृहस्थांनाही पटत नाही. काटकसर वरून सुरू झाली असती तर खालच्यांनी ती मुकाट्याने सोसली असती.

आणि तारखेच्या शेवटच्या रेघेबद्दल तर फारसे कोणी भांडतच नाही. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना आली. त्यानंतरचा शिपाई चार वर्षांचा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ३० टक्के कापून हाती २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००. तितकीच रक्कम सरकार घालते आणि शेवटी व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार हाती पडतात. शंभरातले पंचवीसपर्यंत कायम राहायचे, बाकीचे घरी. निवृत्तिवेतन नाही. लष्कराचे सरासरी वय खाली यावे आणि निवृत्तिवेतनावर जाणारा पैसा शस्त्रांकडे वळावा, हे योजनेच्या बाजूचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पण मेजरांच्या ‘समान पदा’चे काय? एकाच चौकीवर २०१९ चा आणि २०२३ चा शिपाई शेजारी उभे असतात, थंडी सारखीच खातात. एकाच्या मागे आयुष्यभराची पेन्शन, दुसऱ्याच्या मागे अकरा लाखांचा धनादेश. पहिल्या तुकड्यांचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ च्या सुमारास सुरू झाले. त्यांची चार वर्षे २०२६ च्या सरत्या दिवसांत भरतात.

आमच्या वर्गातली मुले पहाटे चारला रस्त्यावर धावून येतात आणि साडेअकराच्या तासाला पेंगतात. मी त्यांना उठवीत नाही. त्यांतला पाथर्डीकडचा एक, आईबाप सहा महिने ऊसतोडीला जाणारा, अग्निवीर म्हणून निवडला गेला तेव्हा पेढे घेऊन आला. निवृत्तिवेतनाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. त्याला एवढेच हवे होते की चार वर्षांनी परत आल्यावर बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळेल का.

केंद्राचा आठवा वेतन आयोग जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला आणि ऑक्टोबरअखेर न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली त्याची कार्यकक्षा ठरली. कर्मचाऱ्यांनी स्वतः पैसे न भरता मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा भार विचारात घ्यावा, असे तिच्यात लिहिलेले आहे. ते वाचून पेन्शनर मंडळींचा जीव पुन्हा वरखाली झाला. पण त्यांचा निदान जीव वरखाली होण्याइतका संबंध तरी आहे. आमच्या खोलीत खिडकीशेजारी बसणाऱ्या तरुण सहकाऱ्याचा तोही नाही. तो तासिका तत्त्वावर आहे. त्याला रुजू होण्याची तारीख नाही, कारण तो दर वर्षी नव्याने रुजू होतो. पीएच.डी. झालेला, माझ्यापेक्षा चांगले शिकविणारा. घेतलेल्या तासांचे मानधन मिळते. दिवाळीच्या सुट्टीत तास नसतात, म्हणून मानधनही नसते. गेल्या दिवाळीत त्याने माळीवाड्यात आकाशकंदिलांचे दुकान मांडले होते. मी दोन घेतले. सरांकडून पैसे कसे घेऊ, असे तो एकदाच म्हणाला, आणि मग सुटे परत दिले.